टेबलाजवळ ये, मागे उभी राहू नकोस

वाचकाचं पत्र

मॅडम, मी नागपुरात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव हिंगणघाटजवळ, घरी कापसाची शेती. कॉलेज सुरू होऊन काही महिने झाले, पण डिसेक्शनला, म्हणजे मृतदेह उघडून शिकण्याच्या कामाला, माझा हात अजून लागलेला नाही. आमच्या टेबलावर पंचवीस जण आहोत. पुढे रोज तेच चार-पाच जण असतात. मी मागून, चवड्यांवर उभी राहून जे दिसेल ते बघते आणि रात्री होस्टेलवर मोबाइलच्या थ्रीडी ॲपमध्ये तोच भाग उघडून पाठ करते. ॲपवर मला सगळं येतं. पण मागच्या आठवड्यात काखेच्या भागाची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. सरांनी चिमट्यानं एक नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, उचलली आणि विचारलं, ही कोणती? मला ती नर्व्ह आहे की आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी, हेसुद्धा सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मागे उभं राहणं मला सोयीचंच वाटतं. उन्हाळ्यात माझे आजोबा गेले. शेवटचा नमस्कार करताना त्यांच्या पायांना हात लावला होता. टेबलाजवळ गेलं की तो गार स्पर्श आठवतो. सुटीत घरी गेले तर आजी अंगणातच थांबवते. ‘मुर्दा चिरून आली बाप्पा, आधी आंघोळ कर,’ म्हणते. ॲपवर शिकून चालेल का? आणि ज्या मुलीला कॅडेव्हरला, म्हणजे टेबलावरच्या मृतदेहाला, हात लावता येत नाही, तिनं डॉक्टर व्हावं का?
मागच्या रांगेतली, नागपूर

उत्तर

प्रिय मुली,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, तू डॉक्टर व्हावंस. हात थबकतो म्हणजे तुझ्यात काही कमी आहे असं नाही. टेबलावर माणूस आहे हे तुला जाणवतंय, आणि ही जाणीव पुढे वॉर्डात तुझ्या फार उपयोगाची आहे. ॲनॅटमी शिकवताना मी अशी मुलं प्रत्येक बॅचमध्ये पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक पुढे सरकली, आणि कोणी ढकललं म्हणून सरकली नाहीत. त्यांच्या हाताला एक छोटं, नेमकं काम मिळालं, म्हणून सरकली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नाही असं आहे. नुसत्या ॲपवर चालणार नाही, आणि का चालणार नाही हे तुझ्या व्हायवात दिसलंच. ॲपमध्ये आर्टरी लाल असते, व्हेन (नीला) निळी, नर्व्ह पिवळी. टेबलावर तिन्हींचा रंग जवळपास एकच, मळकट करडा-तपकिरी. तू रात्री जे पाठ केलंस त्यातली निम्मी ओळख रंगावर उभी होती. रंग गेला आणि ओळखही गेली. तिथे कामाला येतात बोटं. आर्टरी दोन बोटांत धरून फिरवली तर तिची भिंत जाणवते, आत पोकळी आहे हे कळतं. व्हेनची भिंत पातळ, ती चपटी पडलेली असते आणि बरेचदा आत काळपट गोठलेलं रक्त असतं. नर्व्ह भरीव असते. दोरीसारखी हाताला लागते, दाबली तरी चपटत नाही, आणि टोक कापलेलं असेल तर तिथे उभे तंतू सुटे होताना दिसतात. हे तीन फरक एकदा बोटांना कळले की आयुष्यभर राहतात. वाचून ते कोणालाच कळलेले नाहीत.

काखेचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं, वरून खाली शोधायला गेलीस तर हरवशील. जिथे चूक होऊच शकत नाही अशा जागेपासून सुरुवात करायची. दंडाच्या वरच्या भागात कोरॅकोब्रेकियालिस हा स्नायू शोध. त्याला भोसकून आत जाणारी नर्व्ह ही मस्क्युलोक्युटेनियस. ती बोटानं धरून वर, मागे ये. तू लॅटरल कॉर्डवर, म्हणजे त्या जाळ्याच्या बाहेरच्या जाड दोरावर, पोचशील. तिथून दुसरा फाटा खाली येतो तो मीडियन नर्व्हचा लॅटरल रूट. तो आर्टरीच्या पुढ्यात दुसऱ्या फाट्याला मिळतो. त्या दुसऱ्या फाट्यावरून वर गेलीस की मीडियल कॉर्ड, आणि तिथून खाली उतरणारी जाड नर्व्ह म्हणजे अलनर. इंग्रजी एम अक्षराचा आकार आपोआप समोर येतो. अलनरच्या शेजारी एक बारीक नर्व्ह असते, मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म. तिच्यावरून कित्येक मुलं फसतात. शंका आली तर खालपर्यंत माग काढ. अलनर कोपराच्या आतल्या हाडाच्या मागून जाते, बारीकवाली जात नाही. असा माग काढत जाण्यालाच आम्ही डिसेक्शन म्हणतो. चिरफाड हा त्यातला अगदी थोडा भाग आहे.

आजोबांबद्दल बोलते. नुकत्याच गेलेल्या माणसाचा स्पर्श आणि टेबलावरच्या शरीराचा स्पर्श वेगळा असतो. शरीर टिकवण्यासाठी एम्बाल्मिंग करताना मांडीतल्या किंवा मानेतल्या मोठ्या आर्टरीतून फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, स्पिरिट वगैरेंचं मिश्रण शरीरभर सोडतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, म्हणून शरीर कुजत नाही, पण त्यामुळेच ते घट्ट होतं, त्वचा चामड्यासारखी लागते, रंग बदलतो. आजोबांच्या पायांची जी आठवण तुझ्या हातात आहे, तिच्याशी हा स्पर्श जुळणार नाही. ग्लोव्हज घालून एकदा नुसता तळहात खांद्यावर ठेवून बघ. तरीही आठवण दाटून आली तर टेबल सोड, बाहेर ये, पाणी पी आणि मग परत जा. वर्गाला कारण सांगायची गरज नाही, पण तुमच्या टेबलाला जे शिक्षक आहेत त्यांना एकदा खासगीत सांगून ठेव. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर तुझ्या मेंटॉरकडे जा. कॉलेजच्या मानसोपचार विभागात बसून बोलण्यात काही कमीपणा नाही. आजोबा जाऊन फार दिवस झालेले नाहीत. दुःखाला त्याचा वेळ लागतो, आणि टेबलावरचं काम त्याच वेळी शिकता येतं.

हात कुठून लावायचा? सुरी हातात घेऊन मुळीच नाही. आज रात्री स्वतःच्या गळ्याखालचं हाड, क्लॅव्हिकल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं चाचप. बाहेरच्या टोकाला खांद्यावर ॲक्रोमियन हा हाडाचा उंचवटा लागेल. क्लॅव्हिकलच्या बाहेरच्या भागाखाली खोलगट जागेत दाबलंस तर कोरॅकॉइड या चोचीसारख्या हाडाचं टोक लागेल, थोडं दुखेलही. कोपराच्या आतल्या हाडामागे बोट फिरव, अलनर नर्व्ह बोटाखालून सरकेल आणि करंगळीत झिणझिण्या जातील. उद्या हेच बिंदू त्याच क्रमानं टेबलावरच्या शरीरावर शोध. त्वचा न कापता, नुसत्या बोटांनी. जे आपल्या अंगावर आत्ताच सापडलं ते समोरच्या अंगावर शोधताना मन शोधण्यात गुंततं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी काम करत असताना फ्लॅप धरून ठेव, म्हणजे उचललेली त्वचा चिमट्यानं ताणून धरायची. ते मदतीचं काम आहे, पण तिथे उभं राहिलं की सगळं हातभर अंतरावर दिसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक नर्व्ह साफ करायला माग. एकच. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात कौशल्यं शिकवण्याचा हाच क्रम दिलेला आहे. आधी शिक्षक दाखवतात, मग विद्यार्थी पाहतो, मदत करतो आणि शेवटी स्वतः करतो. तू पाहण्यावर अडकली आहेस, तेव्हा पुढची पायरी मदतीची.

हत्यारांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. स्कालपेल मुख्यतः त्वचेपुरती. पेनासारखी धरायची आणि पिवळी चरबी दिसली की थांबायचं. छातीवरची त्वचा पातळ असते, पाठीची जाड, त्यामुळे जोर जागेप्रमाणे बदलावा लागतो. त्वचा उचलली की सुरी बाजूला ठेव. पुढचं सगळं काम चिमटा, कात्री आणि बोटं यांचं. बंद कात्रीचं टोक चरबीत घालून हळूच उघडायचं, आणि तेही नर्व्हच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. आडवं उघडलं की बारीक फांद्या तुटतात आणि मग टेबलावरची पंचवीस मुलं आपापल्या पुस्तकातल्या आकृतीत त्या शोधत बसतात. तू कापूस वेचलेला असणार. बोंडाची वाळलेली पाती हातात न येता पांढरा कापूस तेवढा निघावा म्हणून बोटं कशी आपोआप वळतात, ते आठव. चरबीतून नर्व्ह मोकळी करणं बरंचसं तसंच आहे. जोर कमी, चिकाटी जास्त आणि नजर बोटांच्या टोकावर. शहरातल्या शाळांतून आलेल्या कित्येक मुलांना बोटांचं हे काम नव्यानं शिकावं लागतं. तुझ्याकडे ते आहे.

पातं बदलताना चिमट्यानं बदल, बोटानं नको. वापरलेलं पातं धारदार वस्तूंच्या डब्यातच टाक. कापलं तर लपवू नकोस. वाहत्या पाण्याखाली धू, शिक्षकांना सांग, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते तपासून घे.

आता पंचवीस जणांचा प्रश्न. हा तुझा एकटीचा नाही, आणि त्यात पुढच्या चौघांचाही फारसा दोष नाही. ज्याला काम येतं तो पुढे होतो, आणि पुढे होतो म्हणून त्याला आणखी येतं. हे चक्र मोडायचं तर टेबलावर ठरलेल्या पाळ्या लागतात. माझ्या अनुभवात चांगली चाललेली रीत सांगते. दोघांच्या हातात हत्यारं. एक जण डिसेक्शनचं मॅन्युअल मोठ्यानं वाचणार, दोन वाक्यं वाचून थांबणार, तेवढं काम झालं की पुढची दोन. एकाकडे ॲटलस. एकाकडे त्याच भागाची हाडं, स्नायू जिथून निघतो ती जागा हाडावर दाखवायला. बाकीचे जोड्या करून तोच भाग एकमेकांच्या अंगावर चाचपणार, अर्थात विचारून, संमतीनं. अर्ध्या-पाऊण तासानं पाळी बदलायची. काल ज्यानं कापलं तो आज वाचणार. तास संपायच्या आधी दहा मिनिटं प्रत्येकानं एक रचना बोटानं दाखवून शेजाऱ्याला सांगायची. मोठ्यानं वाचणारा माणूस टेबलावर नसेल तर डिसेक्शन भरकटतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तू उद्यापासून वाचणारी हो. वाचणाऱ्याला टेबलाच्या डोक्याशी जागा मिळते, तिला कोणी मागे ढकलत नाही. पाळ्यांचा कागद तूच लिहून शिक्षकांना दाखव. कोणीतरी हे करावं असं त्यांनाही वाटत असतं.

हे सदर वाचणाऱ्या ॲनॅटमीच्या तरुण शिक्षकांनाही माझी विनंती आहे. आधीच कापून तयार केलेला भाग दाखवणं सोपं असतं आणि वेळेत होतं. दोनशेच्या वरची बॅच असेल तर ते टाळताही येत नाही. पण तेवढ्यावर भागवू नका. मुलानं स्वतः एक तरी नर्व्ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळी केलेली असावी. तयार भागात चूक करायला जागाच नसते, आणि चुकूनच तर कळतं की फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचा पापुद्रा, कुठे संपला.

टेबलापासून दूर राहून शिकण्याची सवय फार जुनी आहे. युरोपात बराच काळ प्राध्यापक उंच खुर्चीवर बसून प्राचीन वैद्य गेलेनचा ग्रंथ वाचायचा आणि खाली न्हावी शरीर कापायचा. ग्रंथात लिहिलं आहे ते समोर दिसत नसेल तर समोरच्या शरीरातच खोट आहे असं मानलं जाई. पादुआ विद्यापीठात शिकवणाऱ्या व्हेसॅलियसनं खुर्चीवरून खाली उतरून स्वतः कापलं, आणि १५४३ मध्ये छापलेल्या ग्रंथात दाखवून दिलं की माणसाच्या खालच्या जबड्याचं हाड एक आहे. गेलेननं दोन सांगितली होती, कारण त्याचं बरंच काम प्राण्यांवरचं होतं. खाली उतरून हात लावला म्हणून ते कळलं. आपल्याकडे सुश्रुतानं त्याच्याही कितीतरी आधी रीत लिहून ठेवली. शरीर गवतानं गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचं, संथ वाहत्या नदीत सात रात्री बुडवायचं, मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांना आपण जो वाळा लावतो, तोच. ग्रंथात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं दोन्ही जुळलं तरच ज्ञान वाढतं, असं तो सांगतो. पुढे ती रीत मागे पडली आणि मृत शरीराला शिवणं निषिद्ध ठरलं. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शरीरविच्छेदन केलं, ते समाजाचा विरोध पत्करून. तुझ्या आजीच्या अंगणापर्यंत आलेली रेघ तीच आहे.

आजीशी त्यावरून भांडू नकोस. आंघोळ कर. फॉर्मॅलिनचा वास केसांना राहतो, त्यामुळे ती करायलाच हवी. पण आंघोळ झाल्यावर तिच्याजवळ बसून सांग की ते शरीर कुठून येतं. महाराष्ट्रात १९४९ च्या ॲनॅटमी ॲक्टखाली दोन वाटांनी शरीर कॉलेजात येतं. एक, ज्यांच्यावर कोणी नातेवाइकांनी दावा केला नाही अशी बेवारस शरीरं. दुसरी वाट देहदानाची. जिवंतपणी इच्छा लिहून ठेवलेले लोक, आणि त्यांची इच्छा पाळणारी त्यांची मुलं. ज्या दिवशी घरात रडारड चालू असते त्याच दिवशी विभागात फोन करून, कागदपत्रं घेऊन यायचं असतं. अशी कुटुंबं आपल्या नागपुरात आहेत. ऐकून आजीला काय वाटेल ते मी सांगू शकत नाही, पण ‘मुर्दा’ या शब्दाऐवजी ‘कोणाचे तरी आजोबा’ असं तिच्या मनात आलं तरी खूप झालं.

तुमच्या अभ्यासक्रमात कॅडेव्हर हा आपला पहिला शिक्षक असं सांगणारं एक सत्र आहे आणि पहिल्या दिवशी शपथही झाली असेल. ती रोज पाळायची तर काय करायचं, ते नेमकं सांगते. काम नसेल तो भाग, विशेषतः चेहरा, झाकलेला ठेव. प्रिझर्व्हेटिव्हमध्ये भिजवलेल्या फडक्यानं झाकलं की भागही वाळत नाही. फोटो काढायचा नाही, कुणी काढला तर थांबवायचं. शरीराला टोपणनावं देणाऱ्यांत सामील व्हायचं नाही. काढलेला प्रत्येक तुकडा त्याच टेबलाच्या डब्यात जायला हवा, कारण शेवटी सगळं एकत्र, सन्मानानं मार्गी लावायचं असतं. हे करत गेलीस तर आजोबांच्या पायांना केलेला नमस्कार आणि टेबलावरचं काम यांत तुला जे अंतर वाटतं ते कमी होईल.

हात लावून शिकलेलं पुढे कुठे लागतं, ते दोन ठिकाणी दाखवते. छातीच्या भागात एक बरगडी हातात आली की तिच्या खालच्या काठाच्या आतल्या बाजूनं बोट फिरव. एक खाच लागते. तिच्यात व्हेन, आर्टरी आणि नर्व्ह याच क्रमानं वरून खाली जातात. म्हणून छातीत पाणी झालेल्या रुग्णाला सुई घालताना ती खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून घालतात. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे आणि प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण रात्री दोन वाजता वॉर्डात एकटी इंटर्न असताना आठवतं ते बोटाला लागलेल्या त्या खाचेमुळे.

दुसरी जागा खुबा. हा भाग आपल्या विदर्भातल्या मुलांनी जास्त मन लावून करावा असं मला फार वाटतं. हिप जॉइंटचं कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण, उघडलं की फीमर या मांडीच्या हाडाच्या मानेवरून वर चढणारे पट्टे दिसतात, रेटिनाक्युलर फायबर्स. त्यांच्याखालून बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या गोळ्याकडे जातात. मोठ्या माणसात त्या गोळ्याचा जवळपास सगळा रक्तपुरवठा या वाटेनं होतो, मुख्यतः मीडियल सर्कम्फ्लेक्स फीमोरल आर्टरीकडून. दुसरी मोठी वाट नाही. आता सिकलसेल आठव. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत आपल्याकडे हा आजार घरोघरी माहीत आहे. कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं. मग ऐन विशी-पंचविशीतला मुलगा लंगडत ओपीडीत येतो, गुडघा दुखतो म्हणून, आणि दुखणं असतं खुब्यात. गुडघ्याला आणि खुब्याला जाणाऱ्या नर्व्ह सामायिक आहेत, ऑब्च्युरेटर आणि फीमोरल दोन्हीकडे फांद्या देतात, म्हणून दुखणं खाली जाणवतं. नागपूरचं मेडिकल असो, मेयो असो की मिहानमधलं एम्स, तिथल्या अस्थिरोग विभागात असा रुग्ण तुला नक्की भेटेल. त्या वेळी त्या पट्ट्यांवरून फिरलेलं बोट तुला योग्य जागेचा एक्स-रे काढायला लावेल.

ॲप फेकून दे असं मी म्हणत नाही. मेंदूच्या आतली पोकळी, ओटीपोटातल्या अवयवांचे एकमेकांशी संबंध, गर्भात हृदय कसं वळतं, हे फिरवून बघण्यासाठी ते उत्तमच आहे. कापताना जे एकदा तुटलं ते परत जोडता येत नाही, ॲपमध्ये येतं. फक्त वेळ बदल. ॲप टेबलाच्या आदल्या रात्री बघ, उद्या काय शोधायचं ते ठरवण्यासाठी. टेबलावरून आल्यावर स्क्रीन बंद ठेवून वहीत पेन्सिलनं काढ. जे काढता येत नाही ते दिसलं नव्हतं, असं समज आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू कर. शिवाय ॲपमधलं शरीर एकच असतं, आणि सगळ्यांची शरीरं तशी नसतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकव. मधोमध उठणारा टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, पामॅरिस लाँगसचा. काहींच्या हाताला तो नसतोच, तुझ्या मैत्रिणींत बघ. मीडियन आणि मस्क्युलोक्युटेनियस यांना जोडणारी फांदी काही शरीरांत असते. पित्ताशयाला जाणारी आर्टरी तर इतक्या तऱ्हांनी निघते की सर्जनला प्रत्येक वेळी ती नव्यानं शोधूनच बांधावी लागते. म्हणून आपल्या टेबलाचं झालं की शेजारच्या टेबलावर जाऊन तोच भाग बघ. हे मात्र पंचवीस जणांत उभं राहूनही करता येतं.

हाडांसाठी वेगळा खर्च करू नकोस. विभागाकडून मिळतात का विचार आणि खांद्याचं स्कॅप्युला, दंडाचं ह्युमरस, कमरेचं हिप बोन हातात घेऊन उजवं की डावं ते ठरव, मग आपल्या अंगावर त्याच स्थितीत धरून बघ. ओळख पक्की होईपर्यंत स्नायूंची नावं पाठ करायला घेऊ नकोस.

डोळ्यांतून पाणी येतं का, हे तू विचारलं नाहीस, पण सगळ्यांच्याच येतं. हॉलमधला तो वास कुजण्याचा नसून फॉर्मॅलिनचा असतो. ते नाक, डोळे, घसा चुरचुरवतं आणि दीर्घकाळ जास्त प्रमाणात हुंगणं चांगलं नाही, कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत फॉर्मल्डिहाइडची नोंद आहे. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हॉल तापला की वाफ जास्त होते. एक्झॉस्ट चालू आहे का ते बघ, बंद असेल तर बोल. नायट्राइलचे ग्लोव्हज घे, लॅटेक्समधून फॉर्मॅलिन लवकर झिरपतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर त्या दिवशी चष्मा. पायात बंद बूट, केस बांधलेले, ॲप्रन आठवड्यात धुतलेला. उपाशीपोटी जाऊ नकोस. चक्कर येऊन पडणाऱ्या मुलांपैकी बरीच सकाळी काही न खाता आलेली असतात. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असेल तर आधी दाखवून ये आणि विभागाला लेखी कळव, जागा खिडकीजवळ मिळते.

तुझी,
ॲनॅटमीची मॅडम